अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस: टेप म्हणते सुधारलात, मला तसं वाटत नाही

ताठकणा | सोमवार, रात्री १०:४०

आयडीवर हसून झालं असेल तर मुद्द्यावर येतो. वय ४१. एएसचं (म्हणजे शीर्षकातलाच आजार: मणक्याच्या सांध्यांना सूज येते आणि पाठ हळूहळू जखडत जाते) निदान होऊन १४ वर्षं झाली, दुखणं त्याच्याही पाच-सहा वर्षं आधीपासूनचं. दीड वर्षापासून सूज उतरवणारं बायोलॉजिक इंजेक्शन चालू आहे.

गेल्या आठवड्यात वर्षाची मोजणी झाली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं करतात आणि कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो तिथपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने घेतात. मग कमरेवरच्या दोन खळ्यांच्या रेषेत पेनाने खूण, तिच्या १० सेंमी वर दुसरी, ५ सेंमी खाली तिसरी. वाकायला सांगतात आणि टोकाच्या दोन खुणा किती लांब गेल्या ते बघतात. मान दोन्हीकडे किती अंश वळते, बाजूला झुकल्यावर बोटं किती खाली सरकतात, पाय फाकवल्यावर दोन घोट्यांत किती अंतर पडतं, हे उरलेले तीन. पाचही मिळून ० ते १० चा एक आकडा निघतो, त्याला बॅस्मी म्हणतात. ० म्हणजे मोकळा, १० म्हणजे ओंडका.

माझा गेल्या वर्षी ४.२ होता, यंदा ३.४. वाकल्यावर त्या १५ सेंमीचे १७.१ व्हायचे, आता १७.८ होतात. मोजणाऱ्या ताई खूश, डॉक्टर खूश.

मग एक कागद पुढे आला. आडवी रेघ, एका टोकाला ०, दुसऱ्याला १०. गेल्या आठवड्यात या आजाराचा तुमच्या एकूण स्वास्थ्यावर किती परिणाम झाला? मी ७ वर फुली मारली. डॉक्टरांनी कागद बघितला, मग मला बघितलं, मग परत कागद. "सात? मोजमापं तर छान आलीत." परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं झालं मला.

विचारायचं एवढंच: पाठ सुधारली असेल तर मला बरं का वाटत नाही? आणि वाटत नसेल, तर खरं काय धरायचं, टेप की फुली?

---

पहाटेचा_तारा | सोमवार, रात्री ११:१५

फुली. डोळे मिटून फुली.

मला यातला टेपचा भाग वाचून जरा कडू हसू आलं. माझी मान वळते, मी वाकून जमिनीला हात लावते, भिंतीला डोकं टेकतं. एक्स-रे स्वच्छ. त्यामुळे सात वर्षं मला "बसण्याची पद्धत सुधारा", "वजन कमी करा", "ताण घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळालं. शेवटी एमआरआयमध्ये दोन्ही एसआय जॉइंटला (मणका जिथे कमरेच्या हाडाला जोडतो ते सांधे) सूज दिसली तेव्हा कुठे नाव मिळालं. टेपच्या हिशेबाने मी आजही ठणठणीत आहे. आणि आजही पहाटे साडेतीन-चारला उठून घरात फेऱ्या मारते, कारण पडून राहिलं की नितंबात आतून कळ येते आणि चाललं की जाते. आयडीचा उगम तोच.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ७:५०

मला हा आजार नाही, सख्ख्या भावाला आहे. आकड्यांची आवड आहे म्हणून खुसपट काढतो, राग नसावा.

फुलीवर एवढा विश्वास कशाला? त्या दिवशी झोप झाली नसेल, घरी वाद झाला असेल, तर तोच माणूस ४ ऐवजी ७ लिहील. टेपला मूड नसतो. धागाकर्त्यांचे ०.८ कमी झालेत ही वस्तुस्थिती आहे, ७ हे मत आहे.

---

फुटपट्टी | मंगळवार, दुपारी १:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ती टेप धरणारी मीच असते (धागाकर्त्यांची नाही, दुसरी). त्यामुळे टेपची बदनामी करायचा हक्क मला आहे.

शंकासुर, टेपला मूड नसतो हे खरं, पण मोजून घेणाऱ्याला असतो आणि मोजणाऱ्यालाही. एकाच माणसाला सकाळी आठला मोजलं आणि दुपारी तीनला मोजलं तर आकडे वेगळे येतात, कारण सकाळचा ताठरपणा दुपारपर्यंत उतरलेला असतो. मोजण्याआधी पाच मिनिटं अंग मोकळं केलं तरी फरक. कमरेवरची खूण एक सेंमी वर पडली तरी फरक. पाऊण-एक अंकाचा बदल मोजणी मागेपुढे होण्यातही बसतो. ताठकणा, तुमचा ४.२ कुठल्या वेळचा आणि ३.४ कुठल्या वेळचा ते विचारून घ्या.

दुसरं, ती पाच मोजमापं नक्की काय सांगतात ते बघा. घोट्यांमधलं अंतर तर मणक्याचं मोजमाप नाहीच, ते खुब्याचं आहे. छातीचा भाता श्वास घेताना किती फुगतो, ज्याच्यावर जिना चढतानाचा दम अवलंबून असतो, तो या पाचांत नाही. दुखणं नाही, थकवा नाही, झोप नाही. आणि ते असावं असा दावा कुणी केलाही नव्हता. इंग्लंडमधल्या बाथ शहरात १९९४ मध्ये हे मोजमाप बसवलं, त्याच वर्षी तिथेच बॅसडाय आणि बॅसफाय या प्रश्नावल्याही निघाल्या: पहिली थकवा, दुखणं, ताठरपणा विचारते, दुसरी रोजची कामं. दोन वर्षांनी तो एका रेघेचा प्रश्न आला, ज्यावर तुम्ही फुली मारलीत. एकाच टेपने भागलं असतं तर त्या लोकांनी बाकीचा खटाटोप कशाला केला असता?

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी २:०५

हे पटलं. पण मग दोघांचा काहीच संबंध नाही का? मणका आखडला की तब्येत बिघडल्यासारखी वाटणारच ना?

---

फुटपट्टी | मंगळवार, रात्री ९:३०

संबंध आहे, पण लांबचा. मधे पायऱ्या आहेत.

२०१० आणि २०११ मध्ये या पायऱ्या मांडणारे चांगले अभ्यास आले. सोप्या भाषेत: मणका दोन कारणांनी हलेनासा होतो. एक सूज, जी औषधाने उतरू शकते. दुसरं म्हणजे मणक्यांच्या कडांवर वाढून शेजारच्याला जाऊन मिळणारं हाड, जे परत फिरत नाही. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत सुजेचा वाटा मोठा असतो, पुढे हाडाचा. मणक्याची हालचाल आणि आजाराचा जोर हे मिळून तुम्ही काय काय करू शकता ते ठरवतात. आणि तुम्ही काय करू शकता ते अधिक परत आजाराचा जोर, यांवरून तुमचं आयुष्य तुम्हाला कसं वाटतं ते ठरतं. म्हणजे एक्स-रेपासून फुलीपर्यंत जाताना प्रत्येक पायरीवर गळती होते. सूज मात्र मधल्या पायऱ्या गाळून थेट वरही पोचते. म्हणून पहाटेचा_तारा यांची टेप चांगली आणि रात्र वाईट. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. एक्स-रेवर बदल कमी, मणका तुलनेने मोकळा, पण दुखणं आणि थकवा जास्त, आणि निदान उशिरा.

ताठकणा, तुमचं मात्र मला जरा वेगळं वाटतंय. बायोलॉजिक सुरू केल्यावर सहसा दुखणं आणि थकवा आधी उतरतो, टेप मागून आणि थोडीशीच हलते. तुमचं उलट झालंय. ७ कशाचे आहेत ते फोडून बघा.

---

जुना_बांबू | बुधवार, सकाळी ६:१०

नमस्कार मंडळी. वय ६२. आजार ३८ वर्षांचा. माझ्या पाठीचा एक्स-रे पुस्तकात छापतात तसा, कमरेपासून मानेपर्यंत एकसंध, बांबूसारखा. आयडी विनोदाने घेतलेला नाही. मागच्या वेळी बॅस्मी ८ च्या वर होता.

त्या रेघेवर मी दर वेळी २ वर फुली मारतो.

तरुण डॉक्टर असला की त्याला वाटतं म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. कळलाय. माझं दुखणं दहा-बारा वर्षांपूर्वी जवळजवळ थांबलं. जे जोडायचं होतं ते जोडून झालं. त्याआधीची वीस वर्षं, जेव्हा मान वळत होती आणि पाठ वाकत होती, तेव्हा ही रेघ कुणी समोर ठेवली असती तर मी ९ च्या खाली आलो नसतो.

गैरसोयी आहेतच. पेला उलटा करून शेवटचा घोट घेता येत नाही, मान मागे जात नाही म्हणून, तेव्हा स्ट्रॉ. हनुवटीखालची दाढी हाताला लागेल तशी. मागून कुणी हाक मारली की पाय उचलून अख्खा फिरतो, घड्याळाच्या काट्यासारखा. चंद्र बघायचा तर गच्चीवर आडवा होतो. पण ही माझी रोजची चाल झाली आहे, ती मला आजारपण वाटत नाही.

---

पहाटेचा_तारा | बुधवार, सकाळी ६:२५

काका, _/\_

(हो, मी जागीच आहे.)

---

एक_वाचक | बुधवार, सकाळी ११:००

ताठकणा, एवढं मोजत बसण्यापेक्षा एखाद्या जाणकाराकडून पाठ-मान मोकळी करून घ्या. माझ्या ओळखीतल्या एकाची मान एका झटक्यात कडकन मोकळी झाली. आकडे आपोआप सुधारतील.

---

फुटपट्टी | बुधवार, सकाळी ११:०८

नाही. नाही. आणि नाही.

एएसमध्ये मानेला किंवा पाठीला झटका द्यायचा नाही, कुणीही, कितीही जाणकार असो. जोडलेला मणका लांब हाडासारखा वागतो, त्यात आतून तो ठिसूळ झालेला असतो. झटक्याने किंवा अगदी साध्या पडण्यानेही मोडतो, आणि आतल्या मज्जारज्जूला इजा होते. जुना_बांबू काकांसारख्यांनी पडल्यानंतर नवं दुखणं सुरू झालं तर ते आजाराचंच धरून बसू नये. मोडलं नाही हे सिद्ध होईपर्यंत मोडलंय असंच समजायचं. साध्या एक्स-रेत ते निसटू शकतं, सीटी किंवा एमआरआय लागतो. आणि कसलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेबद्दल आधीच सांगा.

धाग्याचं अवांतर झालं, पण हे इथे लिहिलेलं बरं.

---

जुना_बांबू | बुधवार, दुपारी १२:३०

दुजोरा. त्या "कडकन" आवाजाने माझ्या ओळखीतला एक जण चार महिने पाठीवर पडून होता.

---

शंकासुर | बुधवार, रात्री ८:१५

काका, तुमचा प्रतिसाद दिवसभर डोक्यात आहे. उद्धटपणा वाटला तर माफ करा, पण विचारतो. तुमचे २ हे बरं वाटण्याचे २ आहेत, की सवयीचे? माणूस कशालाही सरावतो. मग ७ लिहिणाऱ्या ४१ वर्षांच्या माणसाचं आणि २ लिहिणाऱ्या तुमचं माप एकच कसं? रेघ तीच असली तरी तुमचं ० आणि त्यांचं ० वेगळं आहे.

---

जुना_बांबू | गुरुवार, सकाळी ६:०५

उद्धटपणा कसला. बरोबर विचारलंत. माझं ० सरकलंय हे खरं आहे. पंचविशीत बरं वाटणं म्हणजे डोंगर चढणं, आता रात्रभर सलग झोप. पण ते सरकवताना मी कुणाला फसवलेलं नाही. माझी तब्येत कशी आहे हे मलाच विचारलंय ना? मग माझ्याच आजच्या फूटपट्टीने सांगणार. पंचविशीतल्या माझ्या फूटपट्टीने मी आज का मोजून घेऊ?

---

सावली | गुरुवार, दुपारी ३:४०

पहिल्यांदाच लिहितेय. एरवी नुसती वाचते.

माझ्या नवऱ्याला १९ वर्षांपासून एएस आहे. काका, तुमच्याबद्दल नाही बोलत, पण आमच्याकडचं "मी बरा आहे" मला जवळून माहीत आहे. तेही त्या रेघेवर २ किंवा ३ लिहितात. मला कुणी विचारलं तर मी ६ देईन.

कारण काय होतं सांगते. त्या दुसऱ्या प्रश्नावलीत, बॅसफायमध्ये, असे प्रश्न असतात: मदतीशिवाय मोजे घालता येतात का, कमरेतून वाकून जमिनीवरचं पेन उचलता येतं का, उंच फळीवरची वस्तू काढता येते का, शरीर न वळवता खांद्यावरून मागे बघता येतं का. ते या सगळ्याला "सोपं" लिहितात. आणि त्यांना ते खरंच सोपं वाटतं, कारण ते यातलं काही करतच नाहीत. मोजे सोडून बिनपट्ट्याचे बूट घ्यायला लागले त्याला आठ वर्षं झाली. उंच फळीवर आता काही ठेवलेलंच नसतं, मीच खाली आणलं, हळूहळू, कुणी न ठरवता. गाडी मागे घ्यायची वेळ येऊ नये म्हणून लांब लावून चालत येतात. नातेवाइकांकडे जमिनीवर झोपायची वेळ येईल म्हणून मुक्कामी जात नाहीत. अडचणच समोर येत नाही, मग परिणाम काय लिहिणार?

भांडण नाही. फक्त वाटतं की तब्येत "वाटते" तेव्हा ती किती लहान झालेल्या घरात वाटते तेही बघायला हवं.

---

शंकासुर | गुरुवार, दुपारी ४:०२

माझ्या भावाने पोहायला जाणं सोडलं त्याचं कारण त्याने "वेळ मिळत नाही" असं सांगितलं होतं. आज फोन करतो त्याला.

---

फुटपट्टी | गुरुवार, रात्री १०:१०

सावली ताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? टेप इथेच कामाला येते. ती माणसाच्या सवयीत सामील होत नाही. मोजे घालणं सोडलं हे तिला कळत नाही, पण गेल्या चार वर्षांत बाजूला झुकणं ११ सेंमीवरून ६ वर आलं हे ती न लाजता सांगते. जुन्या कोष्टकात १० सेंमीच्या वर ठीक, ५ ते १० मध्यम आणि ५ च्या खाली गंभीर असे सरळ टप्पे होते. मान ७० अंशांच्या वर वळली तर ठीक, २० च्या खाली गंभीर. आता गणिती सूत्राने दशांशात काढतात, पण मी रुग्णाला अजून जुने टप्पेच सांगते, ते लक्षात राहतात.

टेप खाली जातेय आणि माणूस खुशीत आहे, तेव्हा मी व्यायामाबद्दल खोदून विचारते. उलट टेप चांगली आणि माणूस खंगलेला, तेव्हा झोपेबद्दल.

---

ताठकणा | शनिवार, सकाळी ९:२०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. उशिरा उत्तर देतोय कारण फुटपट्टी ताईंनी सांगितलेला गृहपाठ करत होतो.

सात फोडले. घरीच बॅसडायचे सहा प्रश्न भरले. पाठीचं दुखणं ३. सांधे २. दाबल्यावर दुखणं २. सकाळचा ताठरपणा २, अर्ध्या तासाच्या आत उतरतो, पूर्वी दोन-अडीच तास जायचे. आणि थकवा ९. एकटा थकवा ९. पाठीने मला सोडलंय आणि मी अजून तिच्याच नावाने पावत्या फाडतोय.

काल परत डॉक्टरांकडे गेलो आणि नुसती ती सहा उत्तरं पुढे ठेवली. बाजू त्यांचीही सांगायला हवी: या वेळी पंचवीस मिनिटं बसले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासायला दिलं. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, विचारलं. मग जरा थांबून विचारलं, मन कसं असतं? मी "ठीक" म्हणालो. बायको शेजारी होती, तिने माझ्याकडे बघितलं. सावली ताई, तुम्ही आठवलात. मग बोललो थोडं.

मोजणीचं पण विचारलं. गेल्या वर्षीची सकाळी सव्वानऊची, यंदाची दुपारी साडेतीनची. म्हणजे ते ०.८ सुद्धा पूर्ण माझे नाहीत!

---

फुटपट्टी | शनिवार, सकाळी १०:००

:) पुढची सकाळची घ्या, दर वर्षी तीच वेळ, शक्यतो तोच हात.

सुधारणा मात्र सगळी खोटी समजू नका, ताठरपणा अडीच तासांवरून अर्ध्या तासावर आलाय तो काही टेपने नाही केला. आणि एक विचारते, व्यायाम एकट्याने करता की गटात? नेदरलँड्समध्ये १९९३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. काहींना घरी एकट्याने व्यायाम, काहींना त्यासोबत आठवड्यातून एकदा गटात. नऊ महिन्यांनी गटवाल्यांची पाठ थोडी जास्त हलत होती, दम वाढला होता आणि एकूण तब्येत कशी वाटते या उत्तरातही ते पुढे होते. मला त्याचं नवल वाटत नाही. गटात कुणीतरी जुना_बांबू असतोच.

---

ताठकणा | शनिवार, सकाळी १०:१५

एकट्याने. भिंतीला टेकून उभं राहणं, वीस मिनिटं पालथं पडणं, मानेचे प्रकार, सगळं आलं, आणि आता त्याचा मनस्वी कंटाळा आलाय. गट शोधतो.

सिगारेट बंद आहे तीन वर्षं, कुणी विचारायच्या आत सांगतो. हाड वाढायला ती मदत करते हे वाचून सोडली.

---

पहाटेचा_तारा | शनिवार, सकाळी १०:४०

थकव्याच्या रिपोर्टचं इथे नक्की लिहा. माझेही थकव्याचे ८ असतात आणि माझ्याकडे कुणी थायरॉइड तपासलेलं नाही.

---

सावली | रविवार, रात्री ९:५०

फुटपट्टी ताई, खुशाल वाचून दाखवा.

आज आम्ही दोघांनी ती दहा प्रश्नांची बॅसफाय प्रश्नावली भरली (० म्हणजे सोपं, १० म्हणजे अशक्य), वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता. पेनाच्या प्रश्नाला त्यांनी १ लिहिलं. मी ७. त्यावरून वाजलं जरा. बोलता बोलता त्यांच्या हातातलं पेन खरंच खाली पडलं. मी सवयीने वाकले तर म्हणाले, थांब. उठले. एक हात टेबलावर, एक गुडघा जमिनीवर, पेन उचललं, परत टेबलाला धरून उभे राहिले. आणि माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं.

मग बसून प्रश्न पुन्हा वाचला. त्यात "कमरेतून वाकून" आणि "आधाराशिवाय" असं लिहिलंय. काही बोलले नाहीत. १ खोडला आणि त्याच पेनाने ८ केला.